ट्रंकेतला मूळ दाखला

झुंबर गांगुर्डे पाटबंधारे खात्याच्या रेकॉर्ड रूममधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण जित्याची खोड अशी थोडीच जाते. नाशिकच्या इंदिरानगरातल्या त्यांच्या घरात लाइटबिलांची फाइल होती, गॅसच्या पावत्यांची होती, एवढंच काय, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचीही होती. आणि या सगळ्यांवर एकच कायदा होता, मूळ कागद घराबाहेर जाणार नाही. बाहेर जायची ती झेरॉक्स. मूळ कागदाची जागा पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत, एकात एक घातलेल्या तीन पिशव्यांमध्ये.

या कायद्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. बेचाळीस वर्षांपूर्वी येवल्याकडच्या आपल्या खेड्यातून ते डी.एड.च्या प्रवेशासाठी सायकलवर नाशिकला निघाले होते. शाळा सोडल्याचा दाखला सदऱ्याच्या खिशात होता. निफाडच्या अलीकडे पावसाने गाठलं. नाशिकला पोचून खिशातून दाखला काढला तर शाई ओघळून नावाच्या जागी निळा डाग उरलेला. शाळेत हेलपाटे घालून दुसरा दाखला मिळेपर्यंत जागा गेली होती. गुरुजी व्हायचं राहिलं ते राहिलंच. पुढे कारकुनी मिळाली आणि संसार नीट झाला, तरी पावसात कुणी हातात कागद घेऊन चाललेलं दिसलं की अजूनही त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

धाकट्या स्नेहलचा मेडिकलला नंबर लागला, तोही नंदुरबारला, तेव्हा कागदपत्रांची फाइल अर्थातच त्यांनी स्वतः लावली. तिच्या दाखल्याची रंगीत झेरॉक्स इतकी हुबेहूब निघाली की तिच्यावरचा शिक्का आत्ताच मारल्यासारखा वाटावा. झुंबररावांनी ती फाइलीत लावली, मूळ दाखला ट्रंकेत ठेवला आणि याबद्दल कुणाला चकार शब्द सांगितला नाही. पहिल्या दिवशी नुसतं बघतात, मूळ मागितला तर आपण स्वतः जाऊन दाखवून आणू, असा त्यांचा होरा. स्नेहल आणि तिची आई सुलाबाई ती फाइल घेऊन शुक्रवारी एसटीने नंदुरबारला गेल्या.

शनिवारी सकाळी सव्वादहाला सुलाबाईंचा फोन आला. दाखला झेरॉक्स आहे म्हणून कॉलेजने परत दिला होता. आज शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत मूळ दाखला जमा झाला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. मागे स्नेहलच्या रडण्याचा आवाज येत होता.

"अहो, मूळ दाखला आहे कुठं?" सुलाबाईंनी विचारलं.

"ट्रंकेत," झुंबरराव म्हणाले.

बाहेर दोन दिवसांपासून पाऊस नुसता कोसळत होता. त्यांनी ओळखीच्या टॅक्सीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, राहूडच्या घाटात ट्रक आडवा झालाय, चांदवडला गाड्यांची रांग लागलीय, पाचपर्यंत नंदुरबार विसरा. दहाची एसटी निघून गेली होती. नंतरची सात वाजता पोचली असती. बेचाळीस वर्षांपूर्वी पावसाने आपलं वाटोळं केलं, आणि आज पोरीचं आपण आपल्या हाताने करून ठेवलं, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. मोठी मुलगी दारात उभी आहे हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मोठी म्हणजे तेजल. सातपूरच्या कारखान्यात नोकरीला, शनिवारची सुट्टी. तीन वर्षांपूर्वी तिने मोटरसायकल घेतली तेव्हापासून बापलेकीत एक अबोला होता, तोही फक्त त्या गाडीपुरता. ती सुट्टी धरून कुठे कुठे जायची, परत आली की झुंबरराव जेवलीस का विचारायचे, पण कुठे गेली होतीस हे कधी विचारायचे नाहीत. पहिल्यांदा ती पॅड लावलेलं जॅकेट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बाहेर आली होती तेव्हा ते म्हणाले होते, "चंद्रावर निघालीस का?" ते बोलणं तिच्या फार जिव्हारी लागलं होतं. गाडीवर मात्र ते आजवर एकदाही बसले नव्हते.

"द्या दाखला, मी नेते," तेजल म्हणाली. "घाटात गाड्या अडकल्या तरी मोटरसायकल कडेने निघते."

झुंबररावांनी ट्रंक उघडली, पिशव्या सोडवल्या, दाखला बाहेर काढला. तो पुढे करायला हात काही होईना.

"मी येतो," ते म्हणाले. "कागद माझ्यापाशी राहील."

तेजलने वाद घातला नाही. ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून तिने एक मोठं खोकं खाली काढलं. आत काळं जॅकेट होतं, खांद्या-कोपरांना जाड पॅड लावलेलं, वरून घालायचा पावसाळी कोट आणि पँट होती, बूट, हातमोजे, हेल्मेट होतं. सगळं कोरं, लेबलंसुद्धा तशीच. झुंबररावांनी जॅकेट चढवलं तर ते अंगाला बेतून शिवल्यासारखं बसलं. बूट पायात घातले तर तेही मापाचे निघाले.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच. तुम्ही रिटायर झालात तेव्हा घेतलं होतं," ती चेन लावता लावता म्हणाली. "दसऱ्याला दीक्षाभूमीला गाडीवर जाऊ म्हणून. मग तुम्ही नागपूरची रेल्वेची तिकिटं काढलीत, म्हणून ठेवून दिलं."

झुंबररावांनी बाहीवरचं लेबल उलटंसुलटं करून वाचलं. दोन वर्षं आपल्या डोक्यावर माळ्यात हे खोकं होतं आणि घरातल्या कुठल्याच फाइलीत त्याची नोंद नव्हती.

निघताना तेजलने सगळं नीट सांगितलं होतं. पावसाळी पँट बुटांच्या बाहेर ठेवायची, गळ्याशी कॉलर घट्ट लावायची, दाखला गाडीच्या टाकीवर बांधलेल्या पुढच्या बॅगेत टाकायचा. त्या बॅगेचं तोंड तीनदा गुंडाळून बंद केलं की पाण्याचा थेंब आत जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. झुंबररावांनी मान डोलावली. मग ती हेल्मेट घालायला वळल्यावर चिखलाने खराब होईल म्हणून पँटचे दोन्ही पाय त्यांनी व्यवस्थित बुटात खोचले. दाखला दोन पिशव्यांत घालून जॅकेटच्या आत, थेट छातीशी ठेवला. हात आत घालून सारखा चाचपता यावा म्हणून कॉलरही सैल सोडली. सरकारी माणूस, सूचना ऐकतो सगळ्या.

हायवेला लागल्यावर पावसाने असा काही मारा धरला की पिंपळगावचा टोलनाका जवळ आला तरी दिसेना. तेजल साठच्या वर जात नव्हती. ट्रकच्या मागे पाण्याचा फवारा उडत होता, त्यापासून ती लांब राहायची आणि रस्ता मोकळा दिसला की शांतपणे पुढे निघून जायची. झुंबररावांनी सुरुवातीला मागची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. वडाळीभोईपर्यंत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बाहेर एवढं आभाळ फाटलं असूनही पाठ कोरडी होती, खांदे उबदार होते, आणि पोरगी गाडी अशी चालवत होती की वळणावरही दांडी धरावी लागत नव्हती. तिचा हात इतका सराईत असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. पाय मात्र थंडगार पडले होते. बुटात पाणी डुचमळत होतं, आणि गळ्यातून एक गार ओघळ हळूहळू छातीकडे उतरत होता.

राहूडच्या घाटापाशी रांग लागलेलीच होती. तेजल कडेकडेने पुढे गेली, पण आडव्या ट्रकपाशी पोलिसांनी दहा मिनिटं थांबायला लावलं. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडखाली कांद्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, आणि लंकाबाई नावाची एक साठीची बाई तिच्यावर चढून ताडपत्री सारखी करत होती. झुंबरराव शेडखाली टेकले, बूट काढला आणि उपडा केला. त्यातून तांब्याभर पाणी पडलं.

लंकाबाई वरून बघत होती. "भाऊ, बूट लय भारी हाय," ती म्हणाली, "पण कांदा कधी झाकला नाय वाटतं तुम्ही."

यात कांद्याचा काय संबंध, असं झुंबररावांनी विचारलं.

"वरची ताडपत्री खालचीच्या वरून आली पायजे. खाली खोचली की पानी सरळ आत. मंग कितीबी भारी घ्या, माल सडतोच." तिने हातातल्या ताडपत्रीची कड खालच्या ताडपत्रीवर ओढून दाखवली. "पँट बाहेर काढा बुटाच्या."

येवल्याकडच्या खेड्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं? त्यांनी स्वतः लहानपणी वडिलांबरोबर कांदा झाकला होता. त्यांचा हात बुटांआधी सैल सोडलेल्या कॉलरकडे गेला. त्यांनी घाईघाईने जॅकेट उघडून पिशवी बाहेर काढली. पहिल्या पिशवीत चमचाभर पाणी होतं. दुसऱ्या पिशवीच्या तोंडाशी थेंब जमले होते. दाखल्याची एक कड, नखाएवढी, ओलसर लागली. अक्षरं सुखरूप होती. अजून अर्धा तास असाच गेला असता तर काय झालं असतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेजलने ते बघितलं. तिने खिशातून कोरडा रुमाल काढून पुढे केला. झुंबररावांनी ती कड टिपली, दाखला दोन्ही हातांत धरून क्षणभर बघितला.

"तेजू," ते म्हणाले, "हा तुझ्या बॅगेत टाक."

तिने दाखला बॅगेत ठेवला आणि बॅगेचं तोंड गुंडाळलं, एकदा, दोनदा, तीनदा. झुंबररावांनी मुकाट्याने पँट बुटांच्या बाहेर काढली, कॉलर गळ्याशी लावली. लंकाबाईने मान हलवून पसंती दिली आणि पुन्हा आपल्या कांद्याकडे वळली.

पुढे मालेगाव गेलं, धुळं गेलं. दोंडाईच्याच्या अलीकडे एका फरशीच्या पुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. एक जीपवाला बिनधास्त पार गेला. घड्याळात साडेतीन वाजले होते. आपण नको म्हणू या भीतीने तेजल थांबली आहे असं वाटून झुंबररावांनी मागून सांगितलं की त्यांना चालेल, घाल गाडी. तिने नुसती मान हलवली आणि गाडी वळवली. वाहत्या पाण्यात ती गाडी घालत नाही, मागे एक फाटा आहे, वीस मिनिटं जास्त लागतील, एवढंच तिने सांगितलं. सकाळचे झुंबरराव असते तर भांडले असते. आत्ता त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

नंदुरबारात शिरले तेव्हा पावसाचा जोर ओसरला होता. कॉलेजच्या फाटकाशी सुलाबाई आणि स्नेहल एका छत्रीखाली उभ्या होत्या. चंद्रावरून उतरल्यासारखी दोन माणसं बघून सुलाबाईंना आधी नवरा ओळखूच आला नाही. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

टेबलामागच्या बाईंनी दाखला उजेडात धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि स्नेहलच्या नावापुढे बरोबरची खूण केली. स्नेहलने ताईचा ओला हात घट्ट पकडला. मग बाईंनी सांगितलं की दाखला आता परत मिळणार नाही, शिक्षण पूर्ण होईपर्यंत इथेच जमा राहील.

दाखल्याच्या एका कोपऱ्यावर झुंबररावांचं बोट होतं. ते निघेना.

"कपाट लोखंडी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, काका."

"खालच्या खणात ठेवू नका. ओल येते."

बाई हसल्या नाहीत. बेचाळीस वर्षांपूर्वी नाशिकच्या त्या टेबलामागे ही बाई असती तर, असं झुंबररावांना वाटून गेलं. "अगदी वरच्या खणात ठेवते," त्या म्हणाल्या, आणि झुंबररावांनी बोट उचललं.

बाईंनी दाखला जमा झाल्याची पावती दिली. ती घ्यायला सुलाबाईंनी सवयीने पर्स उघडली, घरी ट्रंकेत जाईल म्हणून. झुंबररावांनी ती तेजलकडे दिली आणि तुझ्या बॅगेत ठेव म्हणाले.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी टपरीवर चहा घेतला. रात्री लॉजवर राहायचं आणि उद्या सकाळी सुलाबाई आणि स्नेहल एसटीने, हे दोघं गाडीने नाशिकला, असं ठरलं. सुलाबाई म्हणाल्या, तुम्हीही एसटीनेच चला, या वयात कशाला. झुंबररावांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते गाडीपाशी गेले आणि सीटवरचं पाणी हाताने पुसलं.

"नाशिकहून नागपूर किती पडेल गं?" त्यांनी विचारलं.

तेजलने चहाचा कप खाली ठेवला. "सातशेच्या आसपास. एक मुक्काम करून जाता येईल."

"दसऱ्याला तीन आठवडे आहेत," झुंबरराव म्हणाले. "रजा टाकून ठेव." मग वाकून त्यांनी पँटचे दोन्ही पाय बुटांवर नीट ओढून घेतले.