शिंप्याच्या बायकोचा कोट

"माझा कोट आत्ताच्या आत्ता द्या, नाहीतर कापड परत करा!" दारातून बाई ओरडली. शिंप्याने सवयीने, मान वर न करता सांगितलं, "उद्या नक्की."

"उद्या काय? पाचची बस आहे माझी!"

आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्याने चष्मा सारखा केला. त्याचीच बायको होती.

दुकानाचा नियम साधा होता: जो ओरडेल त्याचं आधी. कोटाचं कापड दिल्यापासून अकरा वर्षांत बायको एकदाही ओरडली नव्हती. त्यामुळे तिचा कोट कापून, गाठोडं बांधून सगळ्यात खाली पडला होता. मधल्या काळात शिंपी रिकामा होता असं मात्र कुणी समजू नये. समोरच्या बाकावर शेजारचा न्हावी रोज येऊन बसे, आणि जगाचा कारभार दोघांनाच पाहावा लागे. जग तसूभर हललं नाही. बाकाचे पाय तेवढे दोनदा बदलावे लागले.

"अगं, घरी सांगायचंस ना!"

"घरी सांगितलं की तुम्ही 'हो' म्हणता. ताईकडे थंडी मरणाची. यंदा ही विटकी शाल गुंडाळून जायची नाही मी."

"बसा तरी, वहिनी," न्हावी म्हणाला.

"तुम्ही उठा आधी, भावजी."

न्हावी उठला. मशीन सुरू झालं.

पावणेपाचला शेवटचं बटण लागलं. अवघे दोन तास! घड्याळ पुढे गेलंय की मागे, हे शिंप्याला ठरवता येईना.

बायकोने कोट चढवला. खांदे खाली ओघळले, बाह्या बोटांपर्यंत आल्या.

"कापड वाढलं वाटतं," न्हावी बाहेरून म्हणाला.

शिंप्याने वहीतली जुनी मापं पाहिली, मग तिच्या पाठीला पट्टी लावली. कोट बरोबर होता. पाठ दोन बोटं कमी भरली. त्याने पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली.

"असू दे," ती हात बाह्यांत ओढून घेत म्हणाली, "हातमोजे विणायचे वाचले."

"परत आलीस की लगेच आखडून देतो."

"ओरडू का?"

"नको," शिंपी म्हणाला.

तिला बसमध्ये बसवून तो परतला. जुनं माप खोडून नवं लिहिलं. तिची मागे राहिलेली विटकी शाल घडी करून बाकावर ठेवली. तेवढ्यात न्हावी आला.

"तिथे नको," शिंपी मशीनवर वाकून म्हणाला. "जागा धरलीय."