ताई सांगेल

सरकारी अधिकारी व्हायच्या परीक्षेचा अभ्यास आम्ही बहिणींनी वाटून घेतला होता. अर्थशास्त्र माझ्याकडे, इतिहास ताईकडे. आपापलं वाचायचं आणि भाजी चिरता चिरता एकमेकींना सांगायचं. "डोक्यात शिरलं का, ढब्बू?" असं ताई सारखं विचारायची आणि मी तडकायचे.

ताई तापाने गेली. परीक्षा कुणासाठी थांबत नाही, म्हणून आज मी नवं वेळापत्रक करायला बसले. हाताला वळण मात्र जुनंच. इतिहासाच्या रकान्यात लिहून गेले, "ताई सांगेल."

खोडायला गेले, तर बाबांनी हात धरला. "राहू दे. मी सांगतो वाचून."

"तुम्ही? तुम्हाला पेपर वाचताना झोप लागते!" मी खेकसले.

त्यांनी मनावर घेतलं नाही. चष्मा लावला, ताईचं पुस्तक उघडलं आणि ओळीखाली बोट धरून अडखळत वाचू लागले. पान संपल्यावर घसा खाकरून म्हणाले, "डोक्यात शिरलं का..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडून फुटेना.

"ढब्बू," मी म्हटलं. "पुढे ढब्बू म्हणायचं असतं, बाबा."