यानावर नारळ

"आवं सुभेदार, नारळ दगडावर फोडायचा, यानावर न्हाई!" गुंडा कडाडला.

चंद्रावर बिनमाणसाचं यान जातं, त्याचा पत्र्याचा नमुना त्यानं साताऱ्याच्या प्रदर्शनासाठी तीन महिनं खपून बनिवला हुता. बटण दाबलं की पंख उघडायचं. आता नारळाचं पाणी पंख फिरिवणाऱ्या मोटारीत गेलं आन् पंख जाग्यावरनं हलंनात.

"नवी गाडी बिननारळाची सोडत्यात व्हय रं?" प्रदर्शनाचं अध्यक्ष हंबीरराव सुभेदार गुरगुरलं.

"तिकडं खरं यान बनिवणारी माणसं त्येला धूळ लागू नये म्हणून आपल्या तोंडाला फडकी बांधत्यात! यान किती जपून बनिवत्यात, त्येच लोकास्नी दावायचं हुतं!"

"मग पंख हातानं उघड की. कुणाला कळतंय?"

गुंडाचं डोस्कंच फिरलं. "मला कळतंय! शाळंची पोरं दारात खोळंबल्यात, त्यास्नी खरं काय ते सांगतो. सरका, मला आता जायला पायजे."