दोन तांबे पाणी

"साबणाचा चिकटा," नाकशेटनी निदान केलं आणि गुडघ्यावर हात टेकून बाईंच्या मोरीपासून उठले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या माणसाचं नुसतं बघणंही ऐकू येतं.

नाकशेट मोऱ्यांचे वास घालवत. जाळीवर वाकायचं, डोळे मिटायचे, तीन श्वास घ्यायचे आणि कारण सांगायचं, अशी त्यांची पद्धत होती. नळ दुरुस्त करणारे गल्लीला चार होते, पण नाक एकच. ते नाक दोन वर्षांपूर्वी तापात गेलं. ताप उतरला, नाक परत आलं नाही. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती, कारण करपलेलं दूध ते तारीफ करत प्यायले होते. तेव्हापासून ते गिऱ्हाइकालाच विचारत, "सकाळी जास्त येतो की संध्याकाळी? आंबूस की कुजका?" आणि मिळालेलं उत्तर गंभीर चेहऱ्याने परत करत. डॉक्टरांचंही फार वेगळं नसतं.

पण बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "मी सांगायचं, तर तुम्हाला कशाला बोलावलं?"

म्हणून हा अंदाज. नाकशेटनी घाईने जाळी काढली आणि आत बॅटरी मारली. जाळीखालच्या वाकड्या पाइपात चार बोटं पाणी साचलेलं असायला हवं. तिथे धूळ होती.

"बाई, हे कपड्यांचं मशीन कधीपासून बंद आहे?"

"अकरा महिने."

"बिघडलंय?"

"नाही. एका माणसाचे कपडे असतात किती? न्हाणीघरात बादलीत होतात."

"मग चिकटा नाही, बाई. इथलं पाणी म्हणजे दार. ते वाळलं, की गटार सरळ वर येतं. वापर नाही, म्हणून वास."

"राहण्यालाही वास म्हणतात, ठाऊक आहे ना?"

"आमच्या धंद्यात एकच अर्थ चालतो."

बाई हसल्यासारख्या झाल्या. "उपाय?"

"दर रविवारी दोन तांबे पाणी. झालं."

काम संपलं होतं. पण बाईंनी मशीनचं झाकण उघडलं आणि आतून एक चुरगळलेला शर्ट काढला.

"ह्यांचा. हे गेले त्या दिवशी धुवायला टाकला होता. बटण दाबायचं राहून गेलं. मी रोज झाकण उघडून वास बघायचे. गेल्या महिन्यापासून नुसतं गटार येतंय. मशीनला लागलंय की शर्टालाच, मला कळेनासं झालंय. तुमचं नाक नावाजलेलं. बघा जरा, हे अजून आहेत का यात."

नाकशेटनी शर्ट हातात घेतला. डोळे मिटले. तीन श्वास घेतले. काहीच नव्हतं. "आहेत" म्हटलं असतं तर भागलं असतं. दोन वर्षांत याहून मोठ्या थापा त्यांनी मोरीवर वाकून मारल्या होत्या. पण ती मोरी होती.

"बाई, माझं नाक गेलंय. हे बाहेर कळलं तर धंदा बसला."

"मला कळलंय. तुम्ही यायच्या आधी ही फरशी अर्धी बाटली फिनेलने पुसली. तुम्ही साबणाचा चिकटा म्हणालात."

"मग शर्ट कशाला दिलात?"

"खोटं बोलता का ते बघायला." बाईंनी शर्टाची घडी घालायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. "बोलला असतात तर बरं झालं असतं."

नाकशेटनी जाळी बसवली. पुन्हा काढून नीट बसवली.

"आमच्या हिला आणतो रविवारी," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं माझे कपडे धुतेय. गटार कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही."

रविवारी बायको आली. तिने शर्ट खिडकीत नेला, आधी पाठ हुंगली, मग कॉलर, मग काखेची शिवण. नाकशेट शाळेत निकालाला उभं राहावं तसे उभे होते.

"गटार वरवर आहे," ती म्हणाली. "कॉलरला माणूस आहे. तपकीर ओढायचे ना हो बाई?"

बाईंनी मान डोलावली. मग "पाणी घालायचंय नाही का आज," असं म्हणत तांब्या घेऊन मोरीत गेल्या. पाणी पडल्याचा आवाज आला, मग पाइपात ते स्थिरावल्याचा. हा आवाज नाकशेटना अजूनही बरोबर कळत असे.

"पिशवीत बांधून ठेवा हो, मशीनमध्ये नको," बायकोने आतल्या दिशेने सांगितलं.

"आणि मशीन वापरा," नाकशेट म्हणाले.

"बघू," मोरीतून आवाज आला. "आणि तुमचं नाक उत्तम आहे, असं शेजारी सांगितलंय मी. त्यांच्याकडेही वास येतोय."

घरी आल्यावर नाकशेटनी शर्ट काढून बायकोकडे टाकला.

"खरंच होती तपकीर?"

"होती म्हणजे होती. तुम्हाला काय कळतंय?"

ती मोरीकडे वळली. बादलीपाशी थांबली, शर्ट क्षणभर नाकाशी धरला आणि मग पाण्यात टाकला. नाकशेटनी ते पाहिलं. कसला वास येतो, ते मात्र विचारलं नाही.