पाणी तोडलेलं झाड

बाबांनी मारलेली गाठ सुटेना. लेकीने नखं घालून पाहिली, मग दात लावले.

"कात्री देऊ?" मागच्या दाराच्या पायरीवरून आईने विचारलं.

"नको."

परसातलं अंजिराचं झाड जेमतेम तिच्या डोक्याएवढं होतं. पाखरांनी फळं टोचू नयेत म्हणून बाबांनी जुन्या सदऱ्याच्या बाह्या कापून पिशव्या शिवल्या होत्या आणि इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी हिरव्या फळांवर एकेक करून चढवल्या होत्या. इस्पितळातून ते परत आले नाहीत.

गाठ सुटली. आतलं फळ जांभळं, मऊ, मान खाली घातलेलं होतं.

"आलं का यंदाचं पाणचट अंजीर?" आई म्हणाली. हसण्यासारखं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

झाडाला फळ धरू लागल्यापासून हेच चालू होतं. बाबा बशीत फोडी करून आणायचे आणि आई एक फोड चघळत म्हणायची, "वरून साखर आणू का?"

"अगं, झाड बालवाडीत आहे अजून. पुढच्या वर्षी बघ."

फळ भरायला लागलं की पाणी तोडायचं, नाहीतर फळात गोडी उतरत नाही, हे ते येईल त्याला सांगत. स्वतः थेंबही घालत नसत.

आई घालायची. गेल्या वर्षी लेक माहेरी आली होती, तेव्हा तिने पाहिलं होतं. दुपारी बाबांचा डोळा लागला की आई बादली घेऊन परसात यायची. पानं मलूल दिसली की तिला राहवायचं नाही. लेकीला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं होतं.

"जीव आहे गं त्याला. बाबांना बोलू नकोस हं."

दोघी तोंड दाबून हसल्या होत्या.

यंदा आई बाबांजवळ इस्पितळातच होती. झाडाकडे कोणी फिरकलंच नव्हतं. आज मात्र तिने बादली भरून पायरीशी आणून ठेवली होती.

लेकीने फळ बोटांनी फोडलं, अर्धं तोंडात टाकलं. चावता चावता ती थांबली. मधासारखा दाट गर जिभेवर पसरला होता.

"कसंय?"

आईने सहज विचारलं, पण बादलीच्या कडीवरची तिची बोटं आवळली होती.

"पाणचट."

"बघू."

"नको, अगदीच पाणी आहे." लेकीने उरलेलं अर्धंही तोंडात कोंबलं आणि पाठ फिरवली.

ती वळली तेव्हा रिकामी पिशवी आईच्या हातात होती. तळाशी कापड चिकट, तांबूस झालं होतं. आईने त्यावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. मग ते बोट बराच वेळ तसंच ओठांवर राहिलं.

"झाड बालवाडीत आहे अजून," शेवटी ती म्हणाली.

"हो."

आईने पिशवीची नीट घडी घातली. मग भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच, एक थेंबही न सांडता, आत घेऊन गेली.