बाबांच्या पेटीचा पत्रा

रायपूर राजधानी काय झालं, डेंटर लोकही मंत्र्यासारखे बोलाले लागले! आमच्या जुन्या फियाटचे दाराखालचे दोन्ही पत्रे गंजून गळून राहिले होते. पंडरी बाजारातला डेंटर म्हणे, "नया चद्दर महंगा पड़ेगा भैया. घर में पुरानी पेटी-वेटी हो तो ले आओ, उसी को काट के वेल्डिंग मार दूँगा."

आई तेव्हा भिलाईले ताईकडे होती. खाटेखाली बाबांची पेटी दिसली. बाबा रेल्वेत गार्ड होते, ड्युटीवर न्यायचे ती काळी पेटी. वर पांढऱ्या अक्षरात नाव, 'यशवंत रंगारी, गार्ड'. आत एक जुनी चादर, बस. पत्रा जाड होता. मले वाटलं, फुकटात काम भागलं. लय हुशार ना मी! बरं, गाडी तरी कोणासाठी करून राहिलो होतो? आईसाठीच. गुडघ्यांनं तिले रेल्वेच्या डब्यात चढणं होत नव्हतं, म्हणून यंदा दसऱ्याले दीक्षाभूमीवर कारनं नेतो म्हणलं होतं.

भिलाईहून आली तशी तिनं खाटेखाली वाकून पाहिलं. "पेटी कुठी हाय रे? बाबा गेल्यापासून मी तिच्यातच भाकरी नेतो, अन् तिथं गर्दीत तिच्यावरच बसतो. ते सोबत असल्यावानी वाटते." मले कसं माहीत असणार? दरवर्षी सुट्टी नाही म्हणून मी कधी गेलोच नाही, आई पारातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायांसोबत जाये. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेजारच्या अनंतरावानं मागून नेली, आणतो ना." थू माझ्या जिनगानीवर! मग रोज तिचं एकच, आणली का? अन् रोज माझं एकच, उद्या.

निघायच्या सकाळी ती भाकरीचं गाठोडं घेऊन फाटकाशी उभी. "धर्मपाल, पेटी?"

आता कुठं पळू? मी म्हणलं, "आई, पेटी गाडीतच हाय."

"डिक्कीत?"

"नाही. दाराखाली. कापून लावली मी. अनंतरावाचं खोटं सांगितलं."

ती दाराखालच्या निळ्या रंगाकडे पाहत राहिली. तिनं शिव्या द्यायला पाहिजे होत्या, दोन थापडा मारल्या असत्या तरी मले बरं वाटलं असतं.

"काहून विचारलं नाही रे?" ती हळूच म्हणाली. "गाडीसाठी मागितली असती तर मी काय नाही म्हणलं असतं?"

मी तिच्या हातचं गाठोडं घेऊन गाडीत ठेवलं.

"नावाचा पत्रा कोणत्या बाजूले गेला?" तिनं विचारलं.

"इकडेच. तुह्या दाराखाली."

तिनं चपला काढून हातात घेतल्या. दार धरून पाय उचलाले गेली, पण गुडघा काही तेवढा वर येईना. पत्र्यावर पाय टेकवला असता तर सहज चढली असती. ती टेकवेना. पुन्हा पाहिलं, पुन्हा पाय खाली. शेवटी मी वाकून तिले दोन्ही हातांनी उचललं अन् सीटवर बसवलं. किती हलकी झाली होती, ते मले तेव्हा समजलं.

तिनं साडी सावरली, गाठोडं मांडीवर घेतलं.

"उतरतानीही असाच उचलजो बापा," ती म्हणाली. "मले त्यांच्या नावावर पाय देणं नाही होत."