हुक्का काय धूम्रपान आहे?

"बिडी-सिगारेट ओढता?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा जगरूप चौधरी छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्या घरात आजोबांपासून बिडीला कुणी शिवलेलं नाही." आणि ते सोळा आणे खरं होतं.

त्यामुळे डॉक्टर बुचकळ्यात पडले. साखर नाही, रक्तदाब नाही, गडी चाळिशीचा, गव्हाचं पोतं एकट्यानं ट्रॉलीत फेकणारा. पण बायकोजवळ गेला की शरीर ऐनवेळी दगा द्यायचं. रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या वैद्याची चूर्णं खाऊन पोट तेवढं बिघडलं. शेवटी जगरूपनं खाट उचलून बाहेर बैठकीत नेली. म्हशींवर नजर ठेवायला हवी, चोऱ्या फार वाढल्यात, असं त्यानं घरात सांगितलं.

त्याची बायको भतेरी. सलग पाचवी मुलगी झाली म्हणून बापानं तिचं नाव ठेवलं भतेरी, म्हणजे आता पुरे. पण ती कुणाला कधी पुरे म्हणू देणारी नव्हती. ती म्हणाली, "म्हशींचं राहू दे. त्यांच्याआधी मीच चोरीला जाईन, मग बसशील बोंबलत."

दुसऱ्या खेपेला ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, जगरूपनं पुन्हा छाती काढली, आणि घुंघटाआडून आवाज आला, "आणि हुक्का?"

जगरूप भडकला. "हुक्का काय धूम्रपान आहे? तो भाईचारा आहे! आणि त्यात पाणी असतं, धूर धुऊन निघतो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "चौधरीसाहेब, पाण्यानं धूर गार होतो, धुतला जात नाही. तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आखडतात, आणि आधी मार बसतो तो बारीक नळ्यांना. त्या कुठं आहेत ते तुम्हाला कळलंच असेल. हृदयाचा नंबर त्यानंतर. हुक्का सोडा. खात्री देत नाही, पण सोडल्याशिवाय काही होणार नाही."

जगरूपनं सोडला. सोडणं म्हणजे काय, ते हरियाणातल्या माणसानंच जाणावं. चौपालीवर, म्हणजे गावच्या पारावर, बसायचं आणि नळी फिरत आली की तोंड फिरवायचं! टोळकं विचारी, "काय रे, वाळीत टाकून हुक्का-पाणी बंद केलं का कुणी तुझं?" जगरूप नुसता हसे आणि शेताचा रस्ता धरी. हिवाळाभर त्याची चिडचिड घरानं आणि म्हशींनी सोसली. होळीच्या सुमारास मात्र खाट पुन्हा आत आली. त्यापुढचं सांगायचं आपल्याला कारण नाही.

वैशाखात पुतण्याचं लग्न ठरवायला मुलीकडची मंडळी आली. भाऊ हयात नव्हता, म्हणून घरातला वडीलधारा जगरूपच. त्यांच्यातला थोरला म्हणजे मुलीचा आजोबा मांगेराम; वडीलधारा म्हणून सगळे त्याला ताऊ म्हणत. त्यानं भरलेल्या हुक्क्याची नळी जगरूपपुढे धरली. "ओढा चौधरी, पहिला मान तुमचा."

भतेरीनं सकाळीच बजावलं होतं, "खोकला झालाय म्हणून सांग." पण म्हशींच्या चोरीची थाप एकदा मारून झाली होती, दुसरी काही जिभेवर येईना.

"मी ओढत नाही, ताऊ."

हुक्का नाकारायचे तिथे दोनच अर्थ. एकतर नाकारणारा वाळीत पडलेला, नाहीतर समोरचा त्याला हलका वाटलेला. मांगेरामचा चेहरा लाल झाला. "आमच्या हातचा चालत नाही, असंच ना?" शेजारच्या पाहुण्यानं जोड्यात पाय घातलासुद्धा.

एक झुरका ओढला असता तर सगळं निभावलं असतं. बिनबापाच्या पोराचं लग्न त्या झुरक्यावर टांगलेलं होतं. पण भतेरीबरोबर काढलेला तो हिवाळा एका झुरक्यात उडवून टाकणं जगरूपला जमेना. त्यानं मान ताठ केली.

"ताऊ, या हुक्क्यानं माझी मर्दानगी खाल्ली होती. हा सोडला, तेव्हा ती परत आली. तुमच्याशी सोयरीक जोडायची, ती खोटं बोलून जोडायची नाही, म्हणून सांगितलं. आता उठायचं तर उठा."

पाहुण्याचा पाय जोड्यातच राहिला. जगरूपचे कान तापले होते, पण मान खाली गेली नाही. मांगेराम पुढे वाकला, आणि आवाज उतरवून म्हणाला, "आणि... खरंच परत आली?"

जगरूप मिशी चाचपू लागला. व्याह्यांच्या थोरल्याला याचं उत्तर कसं द्यायचं? तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्यामागून, लग्नापासून जिचा आवाज या बैठकीनं कधी ऐकला नव्हता, ती भतेरी ठणकावून बोलली.

"आली, ताऊजी! मी सांगते ना!"

आतल्या बायका खिदळल्या, आणि मांगेराम तर इतका हसला की पगडी धरून बसला. "पोरगी दिली!" तो ओरडला. "ज्या घरात सुना अशा बोलतात, तिथं माझी नात दबून नाही राहायची!"

मग त्यानं हातातल्या नळीकडे पाहिलं आणि न ओढताच ती शेजाऱ्याकडे दिली. शेजाऱ्यानं घाईनं त्याच्या शेजाऱ्याकडे. जगरूपचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पडद्याकडे पाहत मिशीला पीळ भरत होता. एवढ्या पाहुण्यांसमोर जिनं आपली बाजू घेतली, ती आपली बायको आहे, याचा त्याला इतका अभिमान वाटत होता की तो कुठं ठेवू आणि कुठं नको, असं त्याला झालं होतं.